राणीचे चार जन्म

२२ जून २०२२ रोजी डेक्कन क्वीनचे डबे बदलले. नाव तेच राहिलं. सकाळी पुण्याहून मुंबई आणि संध्याकाळी मुंबईहून पुणे ही फेरीही तीच. बाकी जवळजवळ काहीच राहिलं नाही. डब्याचं कवच साध्या पोलादाऐवजी स्टेनलेस स्टीलचं झालं, खालची चाकांची बोगी बदलली, ब्रेक बदलले, एका डब्याला दुसरा डबा धरून ठेवणारं कपलिंग बदललं, दिव्यांना आणि पंख्यांना वीज कुठून येते तेही बदललं. जुन्या गाडीतला एखादा आवडता डबा ठेवून घ्यावा असं कुणाच्या मनात आलं असतं, तरी तो नव्या गाडीला सरळ जोडता आला नसता. एक गोष्ट मात्र हट्टानं राखली गेली: डायनिंग कार. टेबलाशी बसून ऑम्लेट-चहा घेत घाट उतरायची पुणेकरांची सवय मोडायची नाही, म्हणून नव्या पद्धतीचा खास डबा आखावा लागला. पूर्वी तिथे ३२ जण बसत, आता ४० बसतात.

रोजच्या वापरातली वस्तू थोडी थोडी सुधारत न्यायची की एकदम मोडून नव्यानं घडवायची, हा प्रश्न प्रत्येक कारखान्याला पडतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा स्वभावावर सोडलं जातं. सावध माणसं ‘हळूहळू’ म्हणतात, धाडसी माणसं ‘एकदम’ म्हणतात, आणि बैठकीत ज्याचा आवाज चढा त्याचं खरं होतं. भारतीय रेल्वेच्या प्रवासी डब्याची गेल्या पाऊणशे वर्षांची गोष्ट नीट वाचली, तर हा प्रश्न स्वभावावर सोडण्याची गरज नाही असं दिसतं. त्या वस्तूतला कुठला भाग किती शेजाऱ्यांशी बांधलेला आहे, एवढं पाहिलं तरी पुष्कळसं उत्तर मिळतं. ही गोष्ट सांगायला डेक्कन क्वीनइतकी चांगली गाडी दुसरी नाही, कारण तिनं प्रत्येक पिढीचे डबे अंगावर वागवले आहेत.

१ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनं ती सुरू केली तेव्हा गाडी सात डब्यांची होती. असे दोन रेक होते: एक रुपेरी रंगाचा, दुसरा निळ्या रंगाचा सोनेरी रेघांचा. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडहून आल्या होत्या आणि वरचे सांगाडे माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये बांधले होते. चौकट वेगळी, तिच्यावर बसवलेली खोली वेगळी, ही त्या काळची डबा बांधण्याची रीतच होती. भार चौकटीनं उचलायचा. वरची खोली माणसांना ऊन-पावसापासून वाचवण्यापुरती. अपघातात याचा अर्थ फार भयंकर व्हायचा. मागच्या डब्याची मजबूत चौकट वर उचलली जाऊन पुढच्या डब्याच्या कमजोर खोलीत घुसायची. रेल्वेच्या भाषेत याला टेलिस्कोपिंग म्हणतात.

१९६६ मध्ये तिला मद्रासच्या पेरांबूरमधल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, म्हणजे आयसीएफचे, पोलादी डबे मिळाले. स्वित्झर्लंडमधल्या श्लीरेनच्या कंपनीकडून तंत्रज्ञान घेऊन हा कारखाना उभा राहिला होता आणि २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं होतं. या डब्यात चौकट, भिंती आणि छत मिळून एकच पोलादी नळी होती. भार सगळ्यांनी मिळून उचलायचा. कारखान्याच्या नावातला ‘इंटिग्रल’ हा शब्द तिथून आला. डबे एकमेकांत घुसणार नाहीत, हेच त्यांचं मोठं वैशिष्ट्य म्हणून तेव्हा सांगितलं गेलं. आज ‘जुना डबा’ म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो, तो एकेकाळी संपूर्ण नवा विचार होता हे विसरू नये.

तिसरा जन्म १९९५ चा. डबे त्याच घराण्यातले, पण एअर ब्रेकचे. बाहेरून प्रवाशाला यात फारसं काही दिसलं नसेल. तरी हा बदल दिसतो तितका साधा नव्हता, आणि या लेखाचा मुद्दा इथूनच सुरू होतो.

* * *

आसन फाटलं तर बदलता येतं. पंखा, दिवा, खिडकी, रंग, मोबाइल चार्जिंगचं सॉकेट यांतलं काहीही एका डब्यात बदललं तर शेजारच्या डब्याला त्याची खबरही लागत नाही. या जातीची सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे शौचालयं. शंभर वर्षांहून अधिक काळ डब्यातली घाण सरळ रुळांवर पडत होती. स्टेशनात गाडी उभी असताना शौचालय वापरू नका अशी पाटी लावण्यापलीकडे त्यावर उपाय नव्हता, आणि रुळांवर काम करणाऱ्या माणसांना ते सगळं रोज सोसावं लागत होतं. संरक्षण संशोधन संस्थेच्या, म्हणजे डीआरडीओच्या, जिवाणूंच्या तंत्रावर आधारलेल्या जैव-शौचालयांच्या टाक्या जुन्याच डब्यांखाली एकेक करून बसवण्यात आल्या. गेल्या दशकाच्या अखेरीस जवळजवळ सगळे डबे त्यात आले. यासाठी एकही गाडी बंद पडली नाही, एकही डबा भंगारात गेला नाही. हळूहळू सुधारण्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ते जमलं, कारण टाकी फक्त आपल्या डब्याशी बांधलेली असते.

ब्रेकचं तसं नसतं. ब्रेकचा पाइप इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत सलग जातो. जुन्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये त्या पाइपातली हवा काढून घेतलेली असते आणि हवा आत शिरली की ब्रेक लागतो. एअर ब्रेकमध्ये पाइपात दाबाखालची हवा भरलेली असते आणि दाब उतरला की ब्रेक लागतो. लांब आणि जड गाडीला दुसरी पद्धत कितीतरी बरी. पण व्हॅक्यूमचा एक डबा एअर ब्रेकच्या गाडीत लावला तर त्या डब्याला ब्रेकच लागणार नाही. म्हणून ही सुधारणा डब्याडब्यानं होऊ शकत नव्हती. रेकच्या रेक बदलावे लागत. रेल्वेनं मधली वाट काढली ती इंजिनांत. व्हॅक्यूमच्या गाड्याही ओढतील आणि एअर ब्रेकच्याही, अशी दुहेरी ब्रेकची इंजिनं कित्येक वर्षं चालली. अशा इंजिनावर दोन यंत्रणांचा खर्च, दोन्हींची देखभाल. काम झाल्यावर यातली एक फेकूनच द्यायची असते, हे माहीत असूनही तो खर्च करावा लागतो.

कपलिंगचं प्रकरण याहून अवघड. आयसीएफच्या डब्याला दोन्ही बाजूंना बफर असतात आणि मधे हुक व स्क्रू-कपलिंग. शंटिंगच्या वेळी माणूस दोन डब्यांच्या मधल्या जागेत वाकून शिरतो, जड कडी हुकात टाकतो आणि स्क्रू फिरवून ती आवळतो. या जागेत किती माणसं चिरडली गेली असतील याचा विचारही करवत नाही. आणि एवढ्या कष्टानं जोडलेला सांधा डब्यांना वर-खाली सरकण्यापासून रोखत नाही. जोराची धडक बसली की बफर बफरावर चढतो, आणि १९६६ मध्ये टळलेलं मानलेलं संकट पुन्हा उभं राहतं. २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्नाजवळ रुळावरून घसरलेल्या गाडीच्या डब्यांवर दुसरी गाडी आदळली; २१२ माणसं गेली. २ ऑगस्ट १९९९ रोजी बंगालमधल्या गैसलला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. मृतांचा आकडा २८५ च्या वर होता. चुका सिग्नलच्या असतील, रुळाच्या असतील. पण चूक झाल्यावर आतल्या माणसाचं काय होतं, हे डबा ठरवतो.

सेंटर बफर कपलर यावर उत्तर आहे. दोन हातांची बोटं एकमेकांत अडकावीत तसे दोन डब्यांचे जबडे आपोआप अडकतात. मधे माणूस लागत नाही आणि डबा डब्यावर चढत नाही. मालगाड्यांच्या वाघिणींवर हे कपलर आपल्याकडे १९६० च्या आसपासच आले होते. प्रवासी गाड्यांचा नंबर लागायला चाळीस वर्षं गेली, याचं मला अजून नवल आणि दुःख वाटतं.

हा सांधा एकदम बदलता येतो का? जपाननं ते करून दाखवलं आहे, तेही शंभर वर्षांपूर्वी. तिथेही हुक, साखळी आणि बफरची पद्धत होती, आणि कामगार मरत होते. १७ जुलै १९२५ रोजी होन्शू बेटावरची मालवाहतूक एका दिवसापुरती थांबवून तिथल्या सगळ्या वाघिणींची कपलिंगं त्या एका दिवसात बदलण्यात आली. क्यूशूमध्ये त्यानंतर तीन दिवसांनी. त्या एका दिवसामागे कित्येक वर्षांची तयारी होती. नवे कपलर आधीच तयार करून वाघिणींच्या पोटाखाली टांगून ठेवलेले होते. वाघीण जिथे असेल तिथे नवा कपलर तिच्याबरोबर फिरत होता. कामगारांकडून सराव करून घेतला होता. युरोपातही असाच एकदम बदल करायची योजना विसाव्या शतकात आखली गेली होती. इतक्या देशांच्या इतक्या रेल्वेंना एक दिवस ठरवता आला नाही, आणि तिथल्या मालगाड्या आजही बहुतांशी हुक आणि स्क्रूवर चालतात.

* * *

भारतानं १९९५ मध्ये जर्मनीच्या लिंके-हॉफमन-बुश कंपनीशी करार केला. एलएचबी हे या डब्यांचं नाव तिच्या आद्याक्षरांवरून आलं. २००० च्या सुमारास पहिले २४ डबे आले, मग कपूरथळ्याच्या रेल कोच फॅक्टरीनं ते इथे बनवायला घेतले आणि २००३ च्या अखेरीस मुंबई राजधानीला ते लागले. या डब्याचं अंग स्टेनलेस स्टीलचं. जुन्या डब्याला शौचालयाखालच्या भागात गंज लागायचा आणि वर्कशॉपमधला मोठा वेळ तो खरवडून नवे पत्रे जोडण्यात जायचा. ते काम बहुतेक संपलं. फियाटच्या बोगीमुळे आणि डिस्क ब्रेकमुळे डबा ताशी १६० किलोमीटरला स्थिर चालतो. कपलर अर्थातच नवा.

नवा डबा लांबही आहे. कपलर धरून २४ मीटर. जुना बफर धरून २२.३ मीटरच्या थोडा आत. म्हणजे २४ जुन्या डब्यांची गाडी ५३५ मीटरची होते आणि २२ नव्या डब्यांची ५२८ मीटरची. फलाट आणि डबे तपासायच्या पिट लाइन तेवढ्याच ठेवून हे बसतं. सगळे स्लीपर धरले तर जुन्या गाडीत ७२ च्या हिशेबानं १,७२८ बर्थ, नव्या गाडीत ८० च्या हिशेबानं १,७६०. दोन डबे कमी आणि बर्थ ३२ जास्त. असा हिशेब जुळवून आणणाऱ्या आखणीकारांचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्याच दशकात जुन्याच डब्यात बर्थ वाढवायचा एक प्रयत्न झाला होता: बाजूच्या दोन बर्थमध्ये तिसरा कोंबला आणि डबा ८१ जणांचा केला. माणसांना ताठ बसता येईना, तक्रारींचा पाऊस पडला आणि थोड्याच वर्षांत ते बर्थ काढावे लागले. जुन्या सांगाड्यात जागाच नव्हती. थोडी थोडी सुधारणा करत गेलं की एक दिवस अशी भिंत लागते.

इतका सरस डबा हातात आल्यावर जुना बनवणं कधी थांबलं? जानेवारी २०१८ मध्ये. सुमारे पंधरा वर्षं दोन्ही डबे शेजारीशेजारी तयार होत राहिले. कारणं खोटी नव्हती. नवा डबा महाग होता. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगची कला वेगळी, त्याचे साचे वेगळे. हजारो कामगारांना ते नव्यानं शिकवायचं होतं. वर्कशॉपांना नवी यंत्रं हवी होती. आणि डब्यांची मागणी इतकी की उत्पादन एक महिनाही थांबवता येत नव्हतं. पण जुन्या डब्याचं आयुष्य २५ वर्षांचं धरतात. २०१० मध्ये जुन्या पद्धतीचा डबा बनवला तर २०३५ पर्यंत तो चालवायचा, असा तो निर्णय असतो. ‘आणखी एकच वर्ष जुनं बनवू’ असं म्हणताना आपण पंचवीस वर्षांवर सही करतो, हे त्या टेबलाशी बसलेल्यांना दिसायला हवं होतं.

दाखवणारे होते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय सुरक्षा समितीनं फेब्रुवारी २०१२ च्या अहवालात स्पष्ट सांगितलं होतं की पाच वर्षांत आयसीएफ पद्धतीचे डबे बनवणं पूर्ण बंद करून एलएचबीवर जा. समितीच्या सगळ्या शिफारशींचा खर्च पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी रुपये होता, आणि त्या आकड्यापाशी चर्चा अडखळली. २० नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे कानपूरजवळ पुखरायांला इंदूर-पाटणा एक्स्प्रेस घसरली. डबे जुने होते. दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर मात्र जुन्या डब्यांना निरोप द्यायच्या हालचालींना वेग आला.

सगळं नव्यानं घडवलं की दुखणीही नवी येतात. एलएचबी गाड्या सुटताना आणि थांबताना धक्के देत; चहाचा कप सांडायचा, वरच्या बर्थवरचा माणूस दचकून उठायचा. कपलरमागच्या धक्के शोषणाऱ्या यंत्रणेत सुधारणा करून ते कमी करावे लागले. विजेचीही गोष्ट बोलकी आहे. डेक्कन क्वीनमध्ये पूर्वी टोकाच्या डब्यातून सगळ्या गाडीला वीज मिळे. मग प्रत्येक डबा आपल्या चाकांवर आपली वीज तयार करू लागला आणि ती प्रगती मानली गेली. एलएचबीबरोबर टोकाची पॉवर कार परत आली, डिझेलचा धडधडाट आणि धूर घेऊन. त्यावरचा उपाय नंतर सापडला: इंजिनानं वरच्या तारेतून घेतलेलीच वीज डब्यांना द्यायची. एकदम झालेल्या बदलानंतर अशी बारीक दुरुस्ती वर्षानुवर्षं चालते, आणि तिला कमी लेखणारा माणूस कारखान्यात फार काळ टिकत नाही.

मधल्या काळाचा दुवा इथेही इंजिनच झालं. आजही कुठल्याही स्टेशनात इंजिनाच्या तोंडाकडे पाहा: मधे कपलरचा जबडा, आणि दोन्ही बाजूंना बफर. जुन्या गाडीपुढेही उभं राहायचं, नव्या गाडीपुढेही.

पेरांबूरच्या ज्या कारखान्यानं जानेवारी २०१८ मध्ये जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा बाहेर काढला, त्याच कारखान्यातून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘ट्रेन १८’ बाहेर पडली. आपण तिला आता वंदे भारत म्हणतो. महाव्यवस्थापक सुधांशु मणी यांच्या काळात सुमारे अठरा महिन्यांत १६ डब्यांची, इंजिनाशिवायची गाडी उभी राहिली. इतक्या वेगाचं श्रेय त्या माणसांना द्यायलाच हवं. पण आणखी एक कारण होतं. ही गाडी दुसऱ्या कुठल्या डब्याला जोडायचीच नव्हती. बाहेरच्या जगाशी तिचा संबंध होता फक्त रुळांच्या अंतराशी, वरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेशी, फलाटाशी आणि सिग्नलशी. त्यांना हात न लावता आतलं सगळं नवं करता आलं. २०२२ ची दुसरी आवृत्ती मग हळूहळूच्या वाटेनं आली: वजन ४३० टनांवरून ३९२ टनांवर. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून ३७ फुटांत एक फूट चढणारा बोरघाट मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांशिवाय चढते.

* * *

मुंबईकरांनी असा बदल डोक्यावर घडताना पाहिला आहे, बहुतेकांच्या नकळत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढे सगळा देश २५ हजार व्होल्ट एसीवर गेला आणि मुंबई जुन्या विजेवर राहिली. गाड्या वाढवायच्या, डबे वाढवायचे, तर ती वीज अपुरी पडत होती. तारेत मात्र अर्धी डीसी, अर्धी एसी असं चालत नाही; पट्टा बदलायचा तर पूर्ण बदलायचा. त्यामुळे आधी दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल आणल्या. मग उपकेंद्रं, इन्सुलेटर, सिग्नल बदलले. जास्त व्होल्टेजला तारेभोवती जास्त मोकळी जागा लागते, त्यामुळे ब्रिटिशकालीन पुलांचा प्रश्न आला. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडावा लागला. पश्चिम मार्ग २०१२ मध्ये पूर्ण झाला, मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जून २०१५ मध्ये आणि हार्बर एप्रिल २०१६ मध्ये. प्रत्यक्ष बदल एकेका रात्रीचा. रात्री शेवटची लोकल डीसीवर गेली, सकाळची एसीवर आली. जपाननं १९२५ मध्ये जे कपलिंगचं केलं तेच मुंबईनं तारेचं केलं, आणि त्या रात्री खांबांवर चढलेल्या माणसांची नावं कुठल्या फलकावर नाहीत.

नव्या डब्यानं सगळं भागत नाही, हे २ जून २०२३ ला बालासोरनं दाखवलं. कोरोमंडल एक्स्प्रेस एलएचबीचीच होती. सिग्नलच्या जोडणीतल्या चुकीमुळे ती बाजूच्या लूप लाइनवर उभ्या मालगाडीवर गेली आणि २९० हून अधिक माणसं गेली. डबा बदलला, त्याला वाट दाखवणारी यंत्रणा त्या वेगानं बदलली नाही. बांधलेल्या भागांची यादी करताना आपण डब्यापाशीच थांबलो होतो.

ही यादी आज मुंबईच्या लोकलपुढे आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन खचाखच भरलेल्या लोकलच्या दारांत लटकणारी माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि काहींचा जीव गेला. त्यानंतर रेल्वेनं साध्या, बिनवातानुकूलित लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं जाहीर केलं: दारांना हवा येण्यासाठी झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रं, आणि गर्दी पांगावी म्हणून डब्यातून डब्यात जायची वाट. दार वरकरणी पंख्यासारखं, एका डब्यापुरतं दिसतं. तसं ते नाही. दार बंद झालं की हवा लागते, म्हणजे छत आलं. गर्दी पांगवायची तर शेजारचा डबा आला. आणि सर्वांत घट्ट बांधलेली गोष्ट डब्यात नाहीच, ती वेळापत्रकात आहे. अर्ध्या मिनिटाच्या थांब्यात दार मिटेना, तर मागून तीन-चार मिनिटांनी येणारी लोकल थांबते, तिच्या मागची थांबते, आणि संध्याकाळी सहा वाजता दादरला काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको.

त्यामुळे जुन्या रेकना एकेक करून दारं बसवत जायचं, आज ही लोकल दारांची, उद्या ती उघडी, हा मार्ग मला चुकीचा वाटतो. नव्या रेकवर भर द्यावा आणि ते एका वेळी एका पूर्ण मार्गावर आणावेत, थांब्यांची वेळ त्या दारांच्या हिशेबानं आधी ठरवून. ठाणे-वाशी-पनवेलचा ट्रान्स-हार्बर मार्ग त्यासाठी योग्य आहे: छोटा, लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वर्दळीपासून बराचसा मोकळा. तिथे एक पावसाळा काढावा, कारण भिजलेल्या गर्दीत बंद दारांआड हवा पुरते की नाही हे जुलैतच कळेल. तोवर मध्य आणि पश्चिम मार्गांच्या फलाटांची उंची, वळणांवरच्या दोन रुळांमधलं अंतर आणि गर्दीच्या वेळचे थांबे यांची कामं चालू ठेवता येतील. ती हळूहळूच होणारी आहेत आणि त्यांना कुठल्या रेकची वाट पाहावी लागत नाही.